मॅग्नेशियमची गोळी घेण्यापूर्वी डबी वाचा

गेल्या काही वर्षांत औषधांच्या दुकानातील काउंटरवर एक नवी डबी मानाने येऊन बसली आहे. पूर्वी त्या जागी कॅल्शियम असे. मग 'ड' जीवनसत्त्व आले, पाठोपाठ बी-१२ ची लाट आली. आता मॅग्नेशियमची पाळी आहे. झोप लागत नाही, पायात गोळे येतात, पोट साफ होत नाही, मन अस्वस्थ असते, अशा नाना कारणांसाठी मोबाईलवर कोणीतरी ही गोळी सुचवतो आणि आपण ती आणतो. कोणाला पुण्यातील मुलाने घरपोच पाठवलेली असते, कोणाच्या भाच्याने अमेरिकेहून बॅगेत घालून आणलेली असते. ती रोज नेमाने घेतलीही जाते. डबीवर काय लिहिले आहे ते मात्र फार थोडे लोक वाचतात, आणि वाचले तरी उमगत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी डबी असेल त्यांनी हा लेख वाचताना ती शेजारी घेऊन बसावे.

मॅग्नेशियम हे मीठ, लोह, कॅल्शियम यांच्यासारखेच एक खनिज आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात ते साधारण २५ ग्रॅम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. आखडलेला स्नायू पुन्हा सैल होणे, मज्जातंतूंतून संदेश जाणे, हृदयाचे ठोके एका लयीत पडणे, अन्नातून शक्ती तयार होणे, या सगळ्या कामांत त्याचा हात असतो. रक्तात मात्र एकूण साठ्याच्या एक टक्काही नसतो. त्यामुळे रक्ततपासणीत आकडा कमी आला तर ती गोष्ट गंभीरपणे घ्यावी. पण आकडा बरोबर आला म्हणजे साठा भरलेलाच आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. विक्रेते नेमके या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवतात आणि 'तपासणीत दिसत नाही, पण तुम्हाला कमतरता आहेच' असे सांगून मोकळे होतात. दिसत नाही याचा अर्थ आहेच, हे कुठले तर्कशास्त्र?

भाकरीचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी शिफारस केली तीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ४४० मि.ग्रॅ. आणि स्त्रीला ३७० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम मिळावे. आकडा मोठा वाटतो. पण आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या ताटात काय असते ते पाहा. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १३० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम असते. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्याला तेथेच २६० मि.ग्रॅ. मिळाले. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे १७० ते २०० मि.ग्रॅ. असते; म्हणजे ज्या शेंगाचटणीचे आपण पाहुण्यांना डबे भरून देतो, ती नुसती जिभेची चैन नव्हे. तिळात तर ते त्याच्याही दीडपट-दुपटीने असते. वाटीभर डाळ, एखादी पालेभाजी आणि दोन चमचे चटणी यांतून आणखी शंभर-दीडशे मि.ग्रॅ. सहज येतात. बेरीज तुम्हीच करा.

यावर कोणी म्हणेल, खाल्लेले सगळे अंगी कुठे लागते? खरे आहे. अन्नातील मॅग्नेशियमपैकी तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के रक्तात उतरते. पण शिफारशीचा आकडा ही घट धरूनच ठरवलेला असतो.

अडचण दुसरीकडे आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे जेमतेम २० ते २५ मि.ग्रॅ. उरते, मैद्यातही तसेच, कारण धान्याचा कोंडा काढला की मॅग्नेशियमचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्या तालुक्यात पिकते तिथल्या घरांतसुद्धा आता सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात आणि रात्री पाव असा बेत दिसतो. अशा घरात चार दाणे कमी पडले तर नवल नाही. पण त्यावरचा पहिला उपाय दुकानात नसून धान्याच्या कोठीत आहे. आणि पीठ चाळताना कोंडा फेकू नये, हे आजीचे सांगणे रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

खरी कमतरता कोणाला होते? जुनाट जुलाब असणाऱ्यांना, आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना, दारू रोज घेणाऱ्यांना, ज्यांची साखर दीर्घकाळ ताब्यात नाही अशा मधुमेहींना, आणि रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना. यात आणखी एक मोठा गट आहे आणि तो आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे, अनेक जण डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली असताना पाच-पाच वर्षे घेत राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच इशारा दिला होता की, या गोळ्या दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून अधिक घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्यांतील काही रुग्णांना नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही. पित्ताची गोळीच थांबवावी लागली. तेव्हा ज्यांच्या उशाशी ही गोळी वर्षानुवर्षे आहे त्यांनी मॅग्नेशियमची डबी आणण्याआधी डॉक्टरांना 'ही गोळी मला अजून लागते का?' एवढेच विचारावे.

कोणत्या तक्रारीवर तिचा उपयोग होतो, तेही थोडक्यात सांगतो. बद्धकोष्ठतेवर मॅग्नेशियमचे काही क्षार काम करतात, हे जुनेच ज्ञान आहे. मिल्क ऑफ मॅग्नेशियाची बाटली आपल्या आजोबांच्या कपाटातही होती. अर्धशिशीवर काही रुग्णांना फायदा होतो. झोपेबाबतचा पुरावा तोकडा आहे. आणि पायात येणारे गोळे, ज्यांच्यासाठी ही गोळी सर्वांत जास्त खपते? कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून २०२० साली निष्कर्ष दिला की, वयस्क माणसांच्या पायातील गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा रानात काम करणाऱ्यांना जे गोळे येतात ते बहुतांशी घामावाटे गेलेल्या मिठाचे आणि पाण्याचे असतात. त्यावर मीठ-साखर-लिंबाचे पाणी हेच औषध. सातशे रुपयांची डबी नव्हे.

युरियाचे पोते आठवा

आता डबीकडे वळू. समोर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.' किंवा 'मॅग्नेशियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ.' वाचणारा समजतो की आपल्याला हजार मि.ग्रॅ. मॅग्नेशियम मिळाले. तसे मुळीच नसते.

शेतकरी वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. युरियाचे ४५ किलोचे पोते आणले म्हणजे ४५ किलो नत्र आणले, असे कोणी मानत नाही. पोत्यावर ४६ टक्के लिहिलेले असते. म्हणजे त्यात नत्र २१ किलोच्या आत. बाकीचे वजन नत्राला धरून ठेवणाऱ्या इतर घटकांचे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेत जुनी पाने शिरांच्या मधून पिवळी पडू लागली की आपण मॅग्नेशियम सल्फेट आणतो, त्याच्या पिशवीवरही मॅग्नेशियम साडेनऊ टक्के असे छापलेले असते. बागेसाठी जो माणूस टक्के वाचून भाव करतो, तोच स्वतःच्या पोटासाठी समोरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतो.

गोळीतले मॅग्नेशियमही असेच कशाला तरी बांधलेले असते, आणि कशाला बांधले आहे त्यावर त्याचा वाटा ठरतो. ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम ६० टक्के असते, हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे ४२ टक्के. सायट्रेटमध्ये मात्र जास्तीत जास्त १६ टक्के, ग्लायसिनेटमध्ये १४, स्फटिकरूप क्लोराइडमध्ये १२, सल्फेटमध्ये १० च्या किंचित खाली आणि 'मेंदूसाठी खास' म्हणून सर्वांत महाग विकल्या जाणाऱ्या थ्रिओनेटमध्ये अवघे ८. याचा अर्थ हजार मि.ग्रॅ. ग्लायसिनेटमध्ये खरे मॅग्नेशियम १४० मि.ग्रॅ. भरते. डबीच्या मागे बारीक अक्षरांत 'एलिमेंटल मॅग्नेशियम' असा शब्द शोधा. त्यापुढचा आकडा हीच तुमची मात्रा. तो शब्दच डबीवर नसेल आणि समोरच्या आकड्यावरून काही कळत नसेल, तर डबी परत ठेवावी.

आणखी एक मेख 'सर्व्हिंग' या शब्दात असते. मागच्या तक्त्यातील आकडे एका गोळीचे नसून एका सर्व्हिंगचे असतात आणि सर्व्हिंग कधी दोन गोळ्यांचे असते, कधी तीन. ग्लायसिनेटच्या दोन गोळ्या मिळून हजार मि.ग्रॅ. असतील तर एका गोळीत मॅग्नेशियम ७० मि.ग्रॅ. झाले. साठ गोळ्यांची डबी मग दोन महिने नव्हे, एकच महिना पुरणार.

हा टक्केवारीचा हिशेब माहीत असला की लबाडीही पकडता येते. समजा डबीवर लिहिले आहे, 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ., त्यातून एलिमेंटल मॅग्नेशियम २५० मि.ग्रॅ.' १४ टक्क्यांच्या हिशेबाने १४० हून अधिक निघूच शकत नाही. मग उरलेले आले कोठून? बहुधा स्वस्त ऑक्साइड मिसळलेले आहे. काही कंपन्या ते 'बफर्ड' असा शब्द वापरून कबूल करतात, काही करत नाहीत. ऑक्साइड हे विष नव्हे, पण त्यातले फार थोडे अंगी लागते आणि उरलेले आतड्यात पाणी ओढून जुलाब करते. ग्लायसिनेटचा भाव देऊन ऑक्साइड घेणे म्हणजे मालदांडीच्या दरात संकरित ज्वारी घेण्यासारखे आहे. घटकांच्या यादीत 'मॅग्नेशियम स्टिअरेट' दिसले तर त्याला मात्र हिशेबात धरू नका. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून ते नावापुरते घातलेले असते. कितीतरी साध्या गोळ्यांतही असते.

भावाची तुलना करायची तर डबीच्या किमतीची करू नये. पूर्ण डबीत मिळून एलिमेंटल मॅग्नेशियम किती, ते काढावे आणि शंभर मि.ग्रॅ.ला काय पडते ते पाहावे. कागद-पेन्सिलीचे दोन मिनिटांचे काम आहे.

किती आणि कोणाला

ज्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची आहे अशा निरोगी मूत्रपिंडाच्या प्रौढाला साधारणपणे दिवसाला १०० ते २०० मि.ग्रॅ. एलिमेंटल मॅग्नेशियम, तेही जेवणाबरोबर, पुरेसे होते. गोळ्यांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत १९९७ साली ३५० मि.ग्रॅ. ठरवली गेली, युरोपातील तज्ज्ञांनी २००१ साली ती २५० धरली. ही मर्यादा फक्त गोळ्या, पावडरी आणि औषधांची आहे. भाकरी, शेंगा, पालक यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमला ती लागू नाही. अन्नातून जास्त झालेले निरोगी मूत्रपिंड मुकाट्याने बाहेर टाकते.

निरोगी मूत्रपिंड, हे दोन शब्द महत्त्वाचे. ज्याचे मूत्रपिंड थकले आहे त्याच्या शरीरातून जादा मॅग्नेशियम बाहेर पडण्याची वाटच बंद होत आलेली असते. ते रक्तात साचते. आधी मळमळ, अंग गळाल्यासारखे वाटणे, झोपाळूपणा. मग रक्तदाब उतरणे, स्नायू ढिले पडणे. आणि शेवटी श्वास मंदावणे व हृदयाची लय बिघडणे. घरचे समजतात, म्हातारपणाने सुस्ती आली.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. जपानमध्ये बद्धकोष्ठतेसाठी मॅग्नेशियम ऑक्साइड फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेथे अशा विषबाधेचे रुग्ण आणि मृत्यूही नोंदले गेल्यावर २००८ साली सरकारने इशारा दिला आणि २०१५ साली वृद्ध रुग्णांबाबत तो पुन्हा दिला. साधे, स्वस्त, घरोघरी असलेले औषध. पण घेणारी माणसे वयस्क, महिनोन्‌महिने घेणारी, आणि रक्त तपासून पाहणारे कोणी नाही.

याच्या उलट, मॅग्नेशियम जेथे जीव वाचवते तेथे ते कसे वापरतात पाहा. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके, ज्यांना डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात, हे आई आणि बाळ दोघांनाही घेऊन जाणारे संकट. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन हे आजही सर्वांत खात्रीचे औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि ज्यांना मॅग्नेशियम दिले त्यांच्यात झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. या इंजेक्शनची जगभर चालणारी प्रिचर्ड पद्धत अमेरिकेत तयार झालेली: सुरुवातीला एकूण १४ ग्रॅम सल्फेट, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. पण अमेरिकन स्त्रीचे वजन आणि आपल्या अक्कलकोट-करमाळ्याकडून आलेल्या अंगाने बारीक बाईचे वजन सारखे कसे असेल? हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांचे सहकारी होते. भारतीय स्त्रियांना साजेशी कमी मात्रा देऊनही झटके आटोक्यात ठेवता येतात, असा त्यांचा निबंध स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झाला. कमी मात्रेवर काम करणाऱ्या पुढच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतलेला दिसतो. आपल्या गावात हे काम झाले, हे सोलापूरकरांना माहीत असायला हवे.

त्या वॉर्डात दर डोसाआधी काय करतात? सुई हातात घेण्यापूर्वी गुडघ्यावर छोट्या हातोडीने मारून पाय उडतो का ते पाहतात. श्वास मिनिटाला किती ते मोजतात. मागच्या चार तासांत लघवी किती झाली ते पाहतात. यांतील एक गोष्ट जरी बरोबर नसेल तरी पुढचा डोस थांबवतात, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी भरून ठेवतात. लघवीकडे इतके लक्ष का, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. मॅग्नेशियम बाहेर जाण्याचा तोच रस्ता.

घरच्या गोळीची मात्रा अर्थातच यापेक्षा खूपच कमी आणि ती पोटातून जाते. त्यामुळे रोज गुडघा ठोकून पाहण्याची गरज नाही. पण साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब जुना असलेल्यांनी, मुतखड्याचा वारंवार त्रास झालेल्यांनी गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन एकदा तपासून घ्यावे. ते वाढलेले असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी, पावडर, जुलाबाचे मीठ यांतले काहीही घेऊ नये. डायलिसिसवर असलेल्यांनी तर मुळीच नाही. हृदयाच्या ठोक्यांत 'ब्लॉक' सांगितलेले रुग्ण आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा विकार असलेले रुग्ण यांनाही हीच मनाई. गरोदर स्त्रीने आणि लहान मुलांच्या आई-वडिलांनी चित्रफीत पाहून हा प्रयोग करू नये.

बेरीज विसरू नका. पित्ताच्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधात बहुधा मॅग्नेशियम असते. पोट साफ होण्याच्या औषधात असू शकते. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत असते, कॅल्शियमच्या कित्येक गोळ्यांतही असते. एकाच घरात, एकाच आजोबांच्या पोटात दिवसाला या चारही वाटांनी ते जात असते आणि प्रत्येक डबीवरचा आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष असतो.

शिवाय मॅग्नेशियम काही औषधांना पोटातच धरून ठेवते, रक्तात उतरू देत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि मॅग्नेशियममध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी सहाला थायरॉइड आणि रात्रीच्या जेवणाबरोबर मॅग्नेशियम, असे ठरवून टाकले की घोळ होत नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके चालू असतील तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंद ठेवणेच सोपे. हाडांच्या ठिसूळपणावरील अलेंड्रोनेटच्या गोळीबरोबरही ते घेऊ नये.

जुलाब होऊ लागले तर मात्रा जास्त होत आहे, ही शरीराची पहिली सूचना समजावी. कमी करा किंवा थांबवा. आणि मुदत न ठरवता कोणतीही पूरक गोळी सुरू करू नये. ज्या तक्रारीसाठी घेतली ती दोन-तीन महिन्यांत हलली नाही तर गोळी बंद करून तक्रारीचे खरे कारण शोधावे.

डबीच्या मागची बाजू

आता दर्जाबद्दल. बाजारातील मॅग्नेशियम दोन वेगळ्या दारांनी येते. औषध म्हणून विकली जाणारी गोळी औषध कायद्याखाली येते. तिच्यावर औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. बाकीच्या बहुतेक डब्या खाद्यपदार्थांच्या कायद्याखाली, हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे या डबीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषधी वापरासाठी नाही, असे छापावे लागते. डबीच्या पुढे गाढ झोपेचे चित्र आणि मागे ही ओळ! विक्रेता काहीही सांगो, कंपनीने स्वतः काय लिहून दिले आहे ते वाचावे. एखादी डबी मधुमेह, रक्तदाब किंवा संधिवात 'बरा करते' असा दावा करत असेल तर तो नियमबाह्य आहे आणि एवढ्यावरूनच ती नाकारावी.

चौदा आकडी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घालून कंपनीचे नाव जुळते का ते पाहता येते. घरातील कॉलेजला जाणारे पोर हे मिनिटात करून देईल. मात्र हा क्रमांक म्हणजे धंदा करण्याचा परवाना आहे. प्रत्येक डबी तपासून दिल्याची ती पावती नव्हे. चांगली कंपनी मागितल्यास त्या बॅचचा तपासणी अहवाल देते. त्यात मॅग्नेशियमचे प्रमाण सांगितल्याइतके भरले का आणि शिसे, आर्सेनिक, कॅडमियम हे जड धातू मर्यादेत आहेत का, हे दोन मुद्दे पाहावेत. खनिज शेवटी जमिनीतून किंवा समुद्रातून येते. कच्चा माल नीट शुद्ध केला नाही तर नको असलेले सोबती त्याच्याबरोबर येतात. डोलोमाइट दगडाच्या भुकटीपासून केलेल्या पूरकांत शिसे सापडल्याची उदाहरणे परदेशात नोंदलेली आहेत. अहवाल मागितल्यावर कंपनी उत्तरच देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

परदेशातून आलेल्या डबीवर अमेरिकेच्या यूएसपी किंवा एनएसएफ या तपासणी संस्थांचा शिक्का असेल तर तो दर्जाच्या बाजूने चांगला पुरावा समजावा. पण भारतात विकल्या जाणाऱ्या परदेशी डबीवर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आपला परवाना क्रमांकही हवा. तो नसेल तर माल आडमार्गाने आला आहे. शाकाहारी वाचकांनी हिरवा ठिपकाही पाहावा, कारण कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते.

आपल्या जिल्ह्यात एक धोका वेगळा सांगावा लागतो. कृषी सेवा केंद्रातले मॅग्नेशियम सल्फेट आणि औषधी मॅग्नेशियम सल्फेट दिसायला सारखेच, पांढरे, खड्यांचे. 'तेच तर आहे, शिवाय स्वस्त' म्हणून बागेसाठी आणलेल्या पिशवीतले चमचाभर मीठ पोट साफ होण्यासाठी पाण्यात घालून पिणारे लोक असतात. ते खत आहे. माणसाच्या पोटात जाईल अशा शुद्धतेचे ते केलेले नसते, आणि चमचाभर म्हणजे नेमके किती, याचाही कोणाला पत्ता नसतो. अशी पिशवी स्वयंपाकघराच्या जवळपासही ठेवू नये.

साठवणीचा मुद्दा छोटा, पण सोलापुरात विसरण्यासारखा नाही. बहुतेक डब्यांवर थंड व कोरड्या जागी, ३० अंशांच्या खाली ठेवा असे लिहिलेले असते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी किती अंश असतात ते सांगायला नको. मॅग्नेशियमचे काही क्षार हवेतील ओल शोषून घेतात, कॅप्सूल मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. माठाच्या जवळचा, पण ओल न येणारा कोपरा किंवा भिंतीतले कपाट बरे. चिकटलेल्या, रंग बदललेल्या, वास येणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. मुदतीची तारीख तर पाहायचीच.

खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहिलेला आहे ना, हे दुकानातच पाहावे. गोळीत काही संशयास्पद वाटले, किंवा ती घेतल्यावर त्रास झाला, तर उरलेल्या गोळ्या फेकून न देता डबी, बिल आणि गोळ्या तशाच ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. डबीचे झाकण उघडलेले असले तरी चालते. बॅच क्रमांकाचा मजकूर पुसलेला नसावा.